मामांच्या फोनवरचं कायम चालू घड्याळ

माझ्या सासऱ्यांच्या डोळ्यातला मोतीबिंदू काढायला डॉक्टरांना वीस मिनिटं लागली. त्यांच्या फोनवर घड्याळ लावायला मला सहा दिवस लागले. आता डॉक्टर एम. एस. आहेत आणि मी बी. एस्सी. बी. एड., तेवढा फरक पडायचाच.

महाडच्या एका हायस्कुलात मी बावीस वर्षं विज्ञान शिकवतो. वर्गात माझा दरारा आहे, असं माझं स्वतःचं निरीक्षण आहे. सासुरवाडीची गोष्ट निराळी. सासुरवाडी पोलादपूरच्या पुढे, कशेडी घाटाच्या पायथ्याला. तिथे सगळी हाताने काम करणारी माणसं. विळा कुठून धरायचा हे ज्याला विचारावं लागतं असा त्या घरात आजवर एकच पुरुष शिरला, आणि तो जावई म्हणून. सासऱ्यांना मी मामा म्हणतो, ते मला 'मास्तर' म्हणतात. पण माझ्या हातात काही द्यायची वेळ आली की ते आधी खाली जमीन बघून घेतात.

मामा एकटेच राहतात. सासूबाई जाऊन तीन वर्षं झाली. त्यामुळे ऑपरेशननंतर दोन दिवस त्यांना आमच्याकडे महाडला ठेवून घेतलं, आणि तिसऱ्या दिवशी सकाळी माझ्या बायकोने, म्हणजे वर्षाने, जाहीर केलं, "आबा, आता महिनाभर इथेच राहायचं."

"भात खळ्यावर आलंय," मामा म्हणाले. "म्हैस हाय. मी हितं बसून काय करू?"

दुसऱ्या मजल्यावरच्या आमच्या घरात करण्यासारखं होतं ते त्यांनी दोन दिवसांत उरकलं होतं. बाल्कनीतून खाली दिसेल त्याला हाक मारून 'कुठल्या गावचा?' एवढं विचारून झालं होतं.

"आणि डोळ्यात थेंब कोण टाकणार?"

"शेजारची सुला टाकंल."

"सुलाकाकू टाकेल हो, पण वेळ कोण बघणार? पहिला आठवडा दर दोन तासांनी आहेत. सकाळी सातपासून संध्याकाळी सातपर्यंत. डॉक्टर शनिवारी तपासणार. एक जरी थेंब चुकला असं कळलं ना आबा, तर मी गाडी करून येईन आणि तुम्हाला उचलून आणेन. मग महिना नाही, शिमग्यापर्यंत सोडणार नाही."

मामांचा चेहरा पडला. पट्टी काढलेल्या डोळ्याने त्यांनी माझ्याकडे बघितलं. त्या घरातल्या माणसाने माझ्याकडे मदतीसाठी बघण्याची ही पहिलीच वेळ. माझी छाती आपोआप फुगली.

"वेळेचं माझ्याकडे लागलं," मी म्हणालो.

(वाचकहो, घरात भिंतीवर घड्याळ नव्हतं का, असं तुम्ही विचाराल. होतं. पण ते दाराच्या वर, काटे बारीक, आणि मामांच्या दुसऱ्या डोळ्यातही मोतीबिंदू. गजर लावून बघितला होता. पण गजर वाजला की म्हैस पान्हा चोरते, असा मामांचा अनुभव. आणि फोन उघडून वेळ बघावी, तर आयुष्यभर विळा आणि कोयता धरलेल्या त्या बोटांना ठसा म्हणून शिल्लकच नाही. फोन त्यांना ओळखतच नाही.)

"अहो, सरळ दर दोन तासांनी तुम्ही फोन करा ना त्यांना," वर्षाने सुचवलं.

"मी काय अलार्म आहे?" मी म्हणालो. "त्यांच्या फोनमध्ये सोय आहे. 'ऑलवेज ऑन' म्हणतात. फोन बंद असला तरी लॉक स्क्रीनवर घड्याळ कायम दिसतं. मोठ्ठे, उजळ आकडे. हात लावायला नको, काही नको. एकदा लावलं की झालं."

'एकदा लावलं की झालं' हे वाक्य मला पुढे सहा दिवस वेगवेगळ्या आवाजांत ऐकवण्यात आलं.

रविवारी मामांना मोटारसायकलवरून गावी सोडलं आणि लगेच कामाला लागलो. मामा शेजारी पाटावर बसले. सुलाकाकू थेंबांची बाटली घेऊन उंबऱ्यात उभी राहिली. मी सेटिंगमध्ये शिरलो, लॉक स्क्रीन शोधली, बटण सरकवलं. काळ्या पडद्यावर पांढरे आकडे उगवले. दहा वाजून बारा मिनिटं!

"दिसतंय का मामा?"

"झ्याक दिसतंय. पण जरा भुंडं वाटतंय."

इथे मी थांबायला हवं होतं. पण घड्याळाबरोबर फोटोही लावता येतो हे मला दिसलं, आणि ज्याला विळा धरता येत नाही त्याने निदान एवढं तरी करावं असं वाटलं. मामांच्या फोनमध्ये सासूबाईंचा एक चांगला फोटो होता. हिरवं लुगडं, कपाळाला ठसठशीत कुंकू. तो लावला. आकडे मोठे हवेत म्हणून घड्याळ खाली घेतलं, सासूबाई वर सरकवल्या. पडदा मंद झाला तसे रंग फिके पडले, पण चेहरा राहिला.

मामांनी फोन पट्टी काढलेल्या डोळ्याजवळ धरला. मग म्हणाले, "मास्तर, हे भारी केलंत."

फोन चार्जरला लावून ठेवायचा तर पुढच्या खोलीत धड चालणारं बटण एकच, देव्हाऱ्याखालचं. तिथे विजेची समई लावलेली होती. ती काढली, फोन देव्हाऱ्याच्या कडेला उभा केला आणि विजयी मुद्रेने महाडला परतलो. अकराचा ठोका पडायच्या आत पोचलो होतो. पोचल्या पोचल्या फोन केला.

"मामा, घड्याळ दिसतंय ना?"

"नाय."

"म्हणजे?"

"तुमची गाडी सुरू झाली आन् ते गेलं."

मी पुन्हा निघालो. तिथे गेल्यावर कळलं की 'ऑलवेज ऑन' या नावाखाली तीन प्रकार होते: हात लावल्यावर दहा सेकंद, ठरलेल्या वेळात, आणि कायम. मी पहिला निवडला होता. कायमला कायम ठेवण्यासाठी 'कायम' असं वेगळं सांगावं लागतं, हे मला कोण सांगणार! ते करून पुन्हा महाडला आलो. वर्षाने पानं वाढली होती. "झालं?" तिने विचारलं. "झालं," मी म्हणालो.

तरी मनात धाकधूक होती. म्हणून ठरवलं की थेंबांच्या वेळी घड्याळ दिसतंय की नाही एवढी खात्री आपण करून घ्यायची. सात, नऊ, अकरा, एक, तीन, पाच, सात. प्रयोग करायचा तर निरीक्षणं नेमाने नोंदवली पाहिजेत, हे मी मुलांना दर वर्षी सांगतो.

सोमवारी सातला फोन केला, घड्याळ दिसत होतं. नऊला केला, दिसत होतं. अकराला शाळेची प्रार्थना संपल्या संपल्या केला.

"मामा, दिसतंय ना?"

"नाय."

प्रार्थनेत नुकतंच 'मना सज्जना' शांतपणे म्हणून आलो होतो, त्याचा परिणाम तिथेच संपला. एकला नाही, तीनला नाही. शाळा सुटली तशी गाडीला किक मारली.

फोनची बॅटरी मरणपंथाला लागली होती. इतकी खाली गेली की फोन स्वतःच काटकसरीला लागला आणि सगळ्यात आधी त्याने घड्याळ बंद केलं. चार्जर जागच्या जागी होता. फक्त भिंतीवरचं बटण बंद होतं.

"मामा, बटण कोणी बंद केलं?"

"मी. मागं खळ्यावर जाताना सगळी बटणं बंद करून जातो. घरात मानूस नाय तर इज कशाला जाळायची?"

विजेची बचत हा धडा मीच शिकवतो. शेवटी बटणावर चिकटपट्टीच्या चार पट्ट्या मारल्या. मामांनी त्या पट्ट्यांकडे असं बघितलं की जणू मी त्यांच्या घराला सील ठोकलं होतं.

मंगळवारी मात्र खरी गंमत सुरू झाली. सकाळी सातला घड्याळ दिसत होतं, नऊला गायब. संध्याकाळी गेलो. बटण चालू, बॅटरी भरलेली, सेटिंग 'कायम' वर. पडदा मात्र काळाठिक्कर. मामांनी फोन उचलला, जावयाच्या हातात द्यायचा म्हणून खांद्यावरच्या टॉवेलने रीतीप्रमाणे पुसला आणि पुढे केला. माझ्या हातात आल्याबरोबर पडद्यावर आकडे उगवले!

"तुमचा हात लागला की चालतंय बगा," मामा म्हणाले.

"काय पण हातगुण हाय मास्तरांचा," सुलाकाकू म्हणाली.

खोटं कशाला सांगू, मला बरं वाटलं. त्या घरात माझ्या हाताला लोकांनी गुण चिकटवण्याचा तो पहिलाच प्रसंग. मी फोन उगाच एकदा बंद करून चालू केला, गंभीर चेहऱ्याने "आता नाही जायचं" असं म्हणालो आणि चहा पिऊन परतलो.

बुधवारी नऊला पुन्हा गायब. संध्याकाळी माझा हात लागला, पुन्हा हजर. मेहुण्याला मुंबईला फोन केला. तो मोबाइलमधला दर्दी. "दाजी, सिंपल हाय," तो म्हणाला, "फोन फॉरमॅट मारा." मी म्हटलं, "तुझ्या आईचा फोटो आहे त्यात."

गुरुवारी दुपारी एक वाजता, डबे खाताना, स्टाफरूममधून फोन केला. हात आमटीचे होते म्हणून स्पीकरवर ठेवला. सोबत सात शिक्षक. माझ्या घड्याळाची कथा त्यांना पाठ झाली होती.

"मामा, दिसतंय ना?"

"नाय मास्तर. ठेवू का?"

"ठेवा."

पण फोन बंद झाला नाही. मामांचा आवाज येत राहिला. "हा पडदा काळाच झाला. बंद कुठून करायचा?" मग फोन खाली ठेवल्याचा आवाज आला, आणि सुलाकाकूचा.

"मास्तरांचाच ना भावोजी?"

"दुसऱ्या कोणाचा?"

"परत तेच? अकराला सांगितलं व्हतं ना, नाय दिसत म्हणून?"

"दर दोन तासांनी करतात. इचारतात, घड्याळ दिसतंय का."

"बिचारे. शाळेत काय काम नसंल."

सात शिक्षकांनी जेवण थांबवलं. माझा आमटीचा हात फोनपर्यंत जायला तयार नव्हता.

"तसं नाय गो. मानूस जिद्दी हाय," मामा सांगत होते. "लग्नाच्या वर्षी लावणीला आला व्हता, आठवतंय? चिखलात चप्पल रुतली. ती काढायला वाकला, तर चष्मा पडला. चष्मा काढायला गेला, तर आपणच पडला. पण उठला आन् म्हनला, मामा, अजून किती वाफे राहिलेत? तसा हाय. जमत कायच नाय, पण सोडत नाय."

"हां, आता डोकं मागं करा. थेंब टाकते," सुलाकाकू म्हणाली.

यातलं शेवटचं वाक्य नीट ऐकलं असतं तर हा लेख इथेच संपला असता. पण तोवर स्टाफरूममध्ये असा हशा उसळला होता की बाजूच्या वर्गातून शिपाई बघायला आला. चित्रकलेच्या सरांना ठसका लागला. त्यांच्या पाठीवर थापा मारता मारता मी मनाशी ठरवलं, आता हे घड्याळ तरी राहील नाहीतर मी.

शुक्रवारी अर्ध्या दिवसाची रजा टाकली. रोज सात ते नऊच्या मध्ये काहीतरी घडतं एवढं निरीक्षणांवरून सिद्ध झालं होतं. पावणेसातला मी सासुरवाडीच्या ओटीवर हजर होतो. मामांनी रीतीप्रमाणे पुसून हातात दिलेला फोन मी जागेवर ठेवला, सातला घड्याळ लख्ख दिसत होतं. सुलाकाकूने थेंब टाकले, मामांनी दहा मिनिटं डोळा मिटून घेतला. मग धार काढली. मग डोळ्याला पाणी लागू द्यायचं नाही म्हणून मानेखालची अंघोळ केली. मी भिंतीला टेकून फोनवर नजर रोखून बसलो होतो.

मामा देव्हाऱ्यासमोर आले. देवांना फुलं वाहिली, गंध लावलं. मग करंगळीशेजारचं बोट कुंकवाच्या करंड्यात बुडवलं, कडेला उभ्या असलेल्या फोनकडे वळले आणि सासूबाईंच्या कपाळावर, मधोमध, चांगलं मोठं कुंकू लावलं.

घड्याळ विझलं.

फोनच्या वरच्या बाजूला, मधोमध, काचेखाली एक बारीक डोळा असतो. समोर काही आडवं आलं की फोनला वाटतं, आपण खिशात आहोत किंवा कोणाच्या कानाला लागलो आहोत, आणि तो पडदा मालवतो. म्हणून घड्याळ जात होतं. म्हणून फोन बंद करता येत नव्हता. म्हणून टॉवेलने पुसला की चालत होता. माझ्या हातगुणाचाही तिथेच निकाल लागला. आणि सासूबाईंना वर सरकवून त्यांचं कपाळ नेमकं त्या डोळ्यावर आणून ठेवणारा इसम, विज्ञान शिक्षक, भिंतीला टेकून बसला होता.

"मामा," मी म्हणालो, "तुम्ही फोनला कुंकू का लावता?"

मामा ओशाळले. टॉवेलशी चाळा करत म्हणाले, "ह्या फोटोत कुंकू दिसत नाय तिचं. सगळं फिकं फिकं दिसतं. सोमवारी तसंच सोडलं, पण मंगळवारी राहवलं नाय. सवाष्ण गेली ती, मास्तर. मोकळं कपाळ बघवत नाय."

मी भिंतीचा आधार सोडून सरळ बसलो.

"तीन वरसं भिंतीवरचा फोटो बघत व्हतो," ते पुढे म्हणाले, "पण तो म्हंजे नुसता धूर. पट्टी निघाली, हितं आलो, आन् तुम्ही हे लावून दिलंत. ह्या नव्या डोळ्यानं नीट बघितलेलं पयलं तोंड तिचं. आता तिथं कुंकू लावायचं नाय म्हनता तर..."

"लावायचं," मी घाईने म्हणालो. "लावायचंच."

मी फोनमध्ये तोंड खुपसलं. घड्याळ वर नेलं आणि सासूबाईंना दोन बोटं खाली घेतलं. मामांनी पुन्हा कुंकू लावलं. घड्याळ राहिलं. नऊ वाजले, आकडे दिसत होते. अकरा वाजले, आकडे दिसत होते. त्या दिवशी शाळेत मी 'प्रकाश' हा धडा इतका रंगवला की मुलं घाबरली.

शनिवारी मामांना घेऊन डॉक्टरांकडे गेलो. वर्षा बरोबर होती, आणि तिच्या पर्समध्ये सुलाकाकूने थेंबांच्या रेघा मारलेला कॅलेंडरचा कागद. मामा गाभाऱ्याबाहेर कौल लागायची वाट बघावी तसे बसले होते. डॉक्टरांनी डोळा यंत्राला लावून बघितला.

"छान आहे. थेंब अगदी वेळेवर पडलेत. एकही चुकलेला दिसत नाही."

वर्षाने कागद उलगडला. सोमवारपासून रोज सात रेघा. एकही कमी नाही. मामांनी इतका मोठा श्वास सोडला की डॉक्टरांच्या टेबलावरचे कागद हलले. शिमग्यापर्यंतची शिक्षा टळली होती.

मला राहवलं नाही. "डॉक्टर," मी खुर्चीत पुढे सरकून म्हणालो, "त्याचं असं आहे, मी मामांच्या फोनवर 'ऑलवेज ऑन' घड्याळ लावून दिलं."

"अरे वा!" डॉक्टर म्हणाले. "म्हणजे आजोबा त्यावर वेळ बघायचे?"

"छे," मामा म्हणाले. "ते कुठं चालू व्हतं? कालपासनं चाललंय."

डॉक्टर थांबले. वर्षा थांबली. माझ्या मनात पहिल्यांदाच एक साधा हिशेब उभा राहिला: घड्याळ पाच दिवस बंद, आणि थेंब एकही चुकला नाही.

"मग वेळ कशी कळायची तुम्हाला?" डॉक्टरांनी विचारलं.

"मास्तरांचा फोन यायचा ना," मामा शांतपणे म्हणाले. "सात, नऊ, अकरा. एक मिनिट हिकडं नाय का तिकडं नाय. फोन वाजला की सुला बाटली घेऊन यायची. घड्याळ नाय दिसत एवढं त्यांना सांगायचं आन् थेंब टाकायचा." मग माझ्या खांद्यावर हात ठेवून ते डॉक्टरांना म्हणाले, "लय भरवशाचा मानूस."

डॉक्टर चिठ्ठी लिहिण्यासाठी खूप खाली वाकले. त्यांचे खांदे हलत होते. वर्षाने मात्र तोंडही वेडंवाकडं केलं नाही. तिने चिठ्ठी घेतली, नीट वाचली आणि जिना उतरताना मला म्हणाली, "अहो, सोमवारपासून थेंब दिवसातून चारच वेळा आहेत."

"बरं मग?"

"मग काय, तुमचं सेटिंग बदलून घ्या. आठ, बारा, चार आणि आठ."

संध्याकाळी मी निमूटपणे माझ्याच फोनमध्ये चार गजर लावले. महाडला म्हैस नाही, त्यामुळे पान्हा चोरायचा प्रश्न नव्हता.